वरच्या विमानतळाचा रोजा

रमजानच्या महिन्यात आमच्या रुवीच्या घरातून रोज दोनदा उत्तर ध्रुवाच्या दिशेने फोन जायचा आणि त्याचं बिल कधीही आलं नाही. ही माझी आवडती सुरुवात. लग्नाच्या मांडवात, बारशाच्या जेवणानंतर, एकदा तर दातांच्या डॉक्टरच्या बाकावर बसून मी हे वाक्य टाकलं आहे. ते टाकलं की माणसं खुर्च्या पुढे ओढतात. मग मी पाणी मागते, सावकाश पिते, पदर नीट करते आणि गोष्ट जितकी हसवत सांगता येईल तितकी हसवत सांगते. एका ठरावीक जागी मात्र थांबते. ऐकणाऱ्यांना वाटतं, गोष्ट संपली. ते टाळ्याही देतात. त्या जागेच्या पुढे मी आजवर कुणाला नेलेलं नाही. आज समोर कागद आहे, माणूस नाही. तेव्हा जाऊन बघते.

आमचं घर मस्कतच्या रुवी भागात, हाय स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत, एका सराफाच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि मधला बोळ. बोळात फ्रीज, फ्रीजच्या बाजूला तिपाई, तिपाईवर फोन, आणि फोनवर अम्मीने स्वतः विणलेली जाळीची टोपी, जणू फोन नमाजाला निघाला आहे. खिडकीतला एसी सुरू झाला की रेल्वेच्या इंजिनासारखा हुंदका द्यायचा आणि सगळं घर एकदा हलायचं. त्या आवाजात मोठं झाल्यामुळे आमच्या घरातली सगळी माणसं ओरडून बोलतात. प्रेमाचं बोलणंसुद्धा भांडल्यासारखं. अपवाद फक्त अब्बांचा. ते एका ओमानी मालकाच्या, म्हणजे त्यांच्या अर्बाबच्या, सुट्या भागांच्या दुकानात होते. दिवसभर गिऱ्हाइकांशी अरबी, हिंदी, मल्याळम बोलून त्यांचे शब्द तिथेच संपत असावेत. घरी ते मान हलवून संसार करत. अम्मी त्यांच्या वाटचंही बोलायची. हर्णैची बाई, बंदरावर म्हावऱ्याच्या लिलावात वाढलेली. रुवीच्या मासळीबाजारात ती नुसती उभी राहिली की विकणारे आपणहून भाव उतरवत.

आणि चौथा युसूफचाचा, अब्बांचा सगळ्यात धाकटा भाऊ. दादी गेली तेव्हा तो एवढासा होता. अम्मी त्या घरात नवी नवरी म्हणून आली ती त्याला कडेवर घेऊनच कामाला लागली. माझ्या आधी तिचं पहिलं मूल तोच. मोठा झाल्यावर अब्बांनी त्याला मस्कतला आणलं आणि सीबच्या विमानतळावरच्या स्वयंपाकघरात चिकटवलं, विमानात देतात त्या ताटल्या भरायला. मला नाटकाचं वेड लावलं ते त्याने. संध्याकाळी घरी आला की तो हवाईसुंदरी व्हायचा, वैमानिक व्हायचा, चहा सांडलेला शेख व्हायचा आणि त्या शेखच्या शिव्या खाणारा स्वतःही व्हायचा. मी उशीवर बसून प्रवासी. अम्मी चुलीपुढून ओरडायची, “मेल्या, पोरीला बिघडवतंस तू,” आणि पदर तोंडाला लावून पोट धरून हसायची.

त्याच स्वयंपाकघरात हान्स नावाचा एक डॅनिश साहेब होता. त्याला मायदेशाच्या कंपनीकडून ग्रीनलँडमधल्या एका विमानतळाचं उपाहारगृह चालवायला मिळालं. बरोबर येतोस का, म्हणून त्याने सगळ्या आचाऱ्यांना विचारलं. सगळे हसले. चाचा हो म्हणाला. अम्मीने दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला, म्हणजे बोलायची, पण भिंतीकडे बघून. त्याने समजूत घातली ती अशी की, भाभी, अर्धं आयुष्य तंदुरात काढलं, आता अर्धं फ्रीजमध्ये काढतो, म्हणजे मी मध्यम आचेवर शिजेन. ती हसली, आणि हसली म्हणजे हरली. निघताना तिने त्याच्या बॅगेत कोकमाच्या आगळाची बाटली, सुकी कोळंबी, वाटलेला मसाला आणि स्वतःची लोकरीची शाल घातली. मस्कतमध्ये लोकरीची शाल कुणाकडे आणि का असावी, हे मला आजही कळलेलं नाही.

त्या विमानतळाच्या गावाचं नाव इतकं लांब आणि असं काही होतं की आमच्यातल्या कुणाच्याही जिभेवर ते बसलं नाही. माझ्या शाळेच्या नकाशाच्या पुस्तकात ते अगदी वरच्या काठाला, जवळजवळ पुठ्ठ्यावर होतं. म्हणून आम्ही त्याला वरचा विमानतळ म्हणू लागलो. चाचाला पत्रं लिहायचा कंटाळा. तो कॅसेट पाठवायचा. कॅसेट आली की खालच्या मजल्यावरच्या लिमयेकाकू, पुण्याच्या, बँकेतल्या लिमयेकाकांच्या बायको, वाटीभर चिवडा घेऊन वर यायच्या, आणि टेपरेकॉर्डर मधे ठेवून आम्ही सगळ्या बोळात बसायचो. आधी नुसता वारा ऐकू यायचा. आमच्या एसीपेक्षा मोठा, आणि न थांबणारा. मग लांबवर कुत्र्यांचं रडणं. गाडी ओढणारी कुत्री, चाचा सांगायचा, आणि त्यांच्यासारखं रडून दाखवायचा. त्यातलं खरं कुठलं आणि चाचाचं कुठलं, हे लिमयेकाकूंना कधीच ओळखता आलं नाही. मग तीन भाषांतली घोषणा. आणि मग त्याचा आवाज: “भाभी, खेडचा एस.टी. स्टँड आठव. दापोलीला जायचं, गुहागरला जायचं, मुंबईला जायचं, उतरायचं खेडलाच ना? तसंच हाय हे. फक्त गाड्यांना पंख.”

त्या एवढ्या थोरल्या बेटावर एका गावाहून दुसऱ्या गावाला रस्ताच नाही. युरोपातून येणारं मोठं विमान उतरू शकेल अशी धावपट्टी ती एकच, दोन डोंगरांच्या मधे, खाडीच्या टोकाला. दूर देशाहून आलेला माणूस आधी तिथे उतरणार, आणि मग लहानशा लाल विमानात नाहीतर हेलिकॉप्टरमध्ये बसून आपल्या गावाला जाणार. गावात वस्ती म्हणावी तर विमानतळाचीच माणसं. घंटा वाजवली तर सगळे एका खोलीत मावतील. पण हवा बिघडली की त्या उपाहारगृहात जग अडकून पडायचं. चाचाच्या कॅसेटमध्ये एक नवरी अडकली होती, जिचा नवरा पुढच्या गावात सूट घालून बसला होता. एक मंत्री अडकला होता, आणि त्याच्याच बाकावर एक माणूस, ज्याच्या दाढेवर उपचार करणारा दातांचा डॉक्टर तिसऱ्याच गावात अडकला होता. एकदा एक शवपेटी आली, बरोबर तिची तीन माणसं. हवा उघडेपर्यंत ती माणसं खिडकीशी बसून राहिली. चाचा म्हणाला की मयताला निघालेला माणूस मला आता लगेच ओळखता येतो. बाकीचे सगळे विमान कधी म्हणून विचारतात, तो विचारत नाही. त्या तिघांना त्याने दुधाच्या भुकटीत नारळाची भुकटी घालून माशाचं कालवण करून दिलं आणि तीही माणसं भाताबरोबर बोटं चाटून जेवली. तिथलं मांस हलाल नसायचं म्हणून तो स्वतः मासे, बटाटे आणि अंड्यांवर होता. अम्मी हे ऐकून टेपरेकॉर्डरला विचारायची, “आणि भाकरी? भाकरी कोण देतं तुला?” टेपरेकॉर्डर पुढे चालू लागायचा.

मग रमजान आला. त्या वर्षांत रमजान ऐन थंडीत यायचा. मस्कतला दिवस लहान, हवा गोड, रोजे सोपे. चाचाचा मात्र फोन आला की इथे सूर्यच उगवत नाही. दुपारी डोंगरामागे थोडं निळं होतं आणि मावळतं, खलास. सहरी कधी करू आणि रोजा कधी सोडू? अब्बा मशिदीत विचारून आले. मौलवीसाहेबांनी सांगितलं होतं, जवळच्या ज्या शहरात दिवस-रात्र नीट होते तिथली वेळ धरायची. अब्बांनी तसं फोनवर सांगितलं. पलीकडे वारा वाजत होता. मग चाचा म्हणाला, “भाई, जवळचं शहर म्हणजे मला मस्कतच.”

तेव्हापासून ते ठरलं. पहाटेच्या खाण्याची, सहरीची वेळ संपली की अम्मीने तिकडे फोन लावायचा, एक घंटा वाजू द्यायची आणि ठेवायचा. सूर्य मावळून मगरिबची अजान झाली की पुन्हा तसंच. तिकडे स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा फोन एकदा वाजून थांबला की चाचाने समजायचं, आणि उलट एक घंटा आमच्याकडे द्यायची: पोचली. उचलला नाही तर पैसे कसले? म्हणून म्हटलं, बिल कधी आलं नाही. आमची मगरिब म्हणजे तिथली नाश्त्याची वेळ. चाचाच्या हिशोबाने सगळा रोजा झोपेतच पार पडला असता. अब्बा एवढंच म्हणाले होते की आरामाचा रोजा आहे. ते चाचाला लागलं असावं. त्याने रात्रपाळी मागून घेतली, पाव भाजायची. रात्रभर भट्टीशी, घोटभर पाण्याशिवाय. सकाळी फोन एकदा वाजून थांबला की हान्ससाहेबापासून बशा धुणाऱ्या पोरीपर्यंत सगळे हातातलं काम टाकून त्याच्यासाठी पाण्याचा ग्लास उचलत, आणि कोण आधी पोचतो याची शर्यत लागे. हे मी जमलेल्या माणसांसमोर सांगते तेव्हा ग्लास घेऊन पळूनसुद्धा दाखवते.

आता ती ठरावीक जागा. इथे मी नेहमी थांबते.

अम्मीला साखरेचा आजार होता. डॉक्टरने रोजे धरू नका म्हणून सांगितलं होतं. डॉक्टरला ती हो म्हणाली आणि घरी येऊन नाही म्हणाली. त्यात तिने स्वतःचा एक नियम काढला. तिकडे घंटा दिली की उलट घंटा येईपर्यंत ती स्वतः रोजा सोडायची नाही. मी, अब्बा, कुणी पाहुणे असले तर ते, सगळ्यांनी खायचं. ती खजुराची बशी तिपाईवर ठेवून फोनशेजारी उभी. रोजा वेळेवर सोडण्यात सवाब, म्हणजे पुण्य आहे, असं अब्बांनी तिला एकदा, त्यांच्या मानाने मोठं भाषण करून, समजावलं. ती म्हणाली, “पोराच्या तोंडात पाणी जायच्या आधी माज्या घशाखाली खजूर कसा उतरायचा?” चाचाला तो नियम माहीत होता, म्हणून उलट घंटा लगेच यायची, आणि कुणी फार ताणलं नाही. एवढ्याने काय होतंय, असंच आम्हा सगळ्यांना वाटलं.

शेवटच्या दहा रोज्यांतली गोष्ट. पहाटे सहरीनंतर फोन लागला नाही. एक बाई आधी अरबीत आणि मग इंग्रजीत सांगायची की हा नंबर आत्ता मिळू शकत नाही. तिथे मोठं वादळ झालं होतं, डोंगरावरची फोनची तबकडी पडली होती, हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं. अम्मी दिवसभर कामं करता करता बोळात यायची, नंबर फिरवायची आणि त्या बाईशी बोलायची. “अगो बाय, परत एकदा बघ ना. तिथंच हाय तो, कुठं जाणार हाय?” मी अभ्यासाच्या नावाखाली बसून तिची नक्कल मनात उतरवून घेत होते, संध्याकाळी करून दाखवायला.

मगरिबची अजान झाली. अब्बा दुकानातून थेट मशिदीत गेले होते. अम्मी मला म्हणाली, तू सोड रोजा, मी आलेच. मी सोडला. ती नंबर फिरवत राहिली. मी मधे एकदा म्हटलं की अम्मी, खा ना आधी. तिने मानेनेच नाही म्हटलं. दुसऱ्या हाताने ती तिपाई घट्ट धरून उभी होती, ते मी पाहिलं, पण तोल जातोय म्हणून धरली आहे, हे मला तेव्हा कळलं नाही. मग ती थकल्यासारखी फ्रीजला टेकून खाली बसली. मला वाटलं, रुसली. फोनचा रिसीव्हर तिच्या मांडीवर पडला होता आणि त्यातून ती बाई अजून सांगतच होती.

लिमयेकाकांनी गाडी काढली. काकूंनी मागच्या सीटवर तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि सगळी वाट त्या राम राम म्हणत होत्या. मी कलमा म्हणत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. तेही होतंच. दुपारी असरच्या नमाजानंतर डोंगरापलीकडे अमरातच्या कब्रस्तानात अब्बा आणि मोहल्ल्यातली माणसं तिला ठेवून आली. घरी आलं तर तिपाईवर खजुराची बशी तशीच. काकूंनी ती उचलली, पदराखाली धरली आणि खाली घेऊन गेल्या.

त्या रात्री अब्बांनी मला जवळ बसवलं आणि सांगितलं की युसूफला काही कळवायचं नाही. मी म्हटलं, असं कसं, तिचा मुलगाच तो. तेव्हा अब्बा जे बोलले ते मी शब्दन् शब्द लिहू शकते. “तो एकटा आहे. विमानं बंद असतील, येऊ शकणार नाही. आणि कळवलं तर पहिला प्रश्न काय विचारेल? कशाने गेली? मग मी काय सांगू, बानू? तुझ्या फोनची वाट बघत उपाशी गेली, हे सांगू?” 

गल्फमधली घरं असं करतात. परदेशातल्या माणसाला मरण सरळ सांगत नाहीत; तब्येत बरी नाही म्हणतात, जमलं तर ये म्हणतात, आणि विमानतळावर घ्यायला आलेल्या माणसांचे चेहरे उरलेलं सांगतात. पुढे मी हे कितीतरी घरांत पाहिलं. आमच्याकडे तर तब्येतीचंही नाव काढायचं नाही असं ठरलं. तिसऱ्या दिवशी मगरिबला अब्बा घरीच थांबले. अजान झाली आणि ते म्हणाले, “बानू, घंटा दे.” मी नंबर फिरवला. लागला. एकदा वाजू दिला आणि ठेवला. तो ठेवते न ठेवते तोच उलट घंटा आली. तेव्हा मी पाहिलं, सवाबाचं सांगणारे माझे अब्बा हातात खजूर धरून उभे होते, आणि घंटा येईपर्यंत त्यांनीही तो तोंडात घातला नव्हता.

ईदपर्यंत मी रोज ते केलं. ईदच्या सकाळी चाचाचा खरा फोन आला. आम्ही तयारी केली होती. अम्मी लिमयेकाकूंकडे शीरखुर्मा द्यायला गेली आहे, असं अब्बा सांगणार; मग मी फोन घेऊन बडबड करणार. चाचाने अब्बांच्या गुडघ्यांची चौकशी केली. लिमयेकाकूंची केली. माझ्या परीक्षेची, सराफाची, सराफाच्या बोकडदाढीवाल्या कामगाराची, सगळ्यांची केली. मला म्हणाला की तिथे काल डोंगराच्या कडेला सूर्याचा एक तुकडा दिसला, सगळे कामं टाकून बाहेर गेले. मग ईद मुबारक म्हणून फोन ठेवला. लिमयेकाकूंकडे गेलेल्या अम्मीची गोष्ट सांगायची वेळच आली नाही. आम्ही दोघं बोळात उभे होतो. अब्बा म्हणाले, “विचारलं नाही त्याने.” आणि आम्हाला कळलं की त्याला कळलं आहे.

तो उन्हाळ्यात आला. पुढे तो पुन्हा त्या विमानतळावर गेला आणि केस पांढरे होईपर्यंत तिथेच राहिला. तिथलीच एक भली बाई त्याने केली, तिच्या हातची भाकरी वाईट होते असं तो कौतुकाने सांगतो. पण ते नंतरचं. त्या उन्हाळ्यात सीबच्या विमानतळाबाहेर आम्ही उभे होतो तेव्हा हवा भट्टीच्या तोंडासारखी होती. अब्बा टॅक्सीत सगळी वाट ओठ हलवत एक वाक्य घोकत आले होते. चाचा बाहेर आला, गोरा पडलेला, खांद्यावर ती शाल. अब्बांनी तोंड उघडलं. त्याने अब्बांना मिठी मारली आणि म्हणाला की भाई, आधी घरी नको, अमरातला जाऊ. घोकलेलं वाक्य तिथेच राहिलं. मग ते कधीच कुणी बोललं नाही.

अमरातच्या त्या कब्रस्तानात नावं नसतात. करडी माती, करड्या डोंगराखाली. पुरुषाच्या कबरीवर दोन दगड, बाईच्या तीन, असा तिथला रिवाज. अब्बांनी ओळ मोजून जागा दाखवली आणि थोडं पलीकडे जाऊन दुआसाठी हात उचलले. चाचा मातीत बसला, उन्हात. मी त्याच्याशेजारी. बराच वेळ तो दगडांवरची धूळ बोटाने पुसत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला की दोन दिवस फोन बंद होता, तिसऱ्या दिवशी तुझी घंटा आली, मी उलट दिली आणि फोनजवळच बसलो.

“म्हटलं, आता भाभीचा खरा फोन येणार. शिव्या येणार. दोन दिवस फोन बंद राहिल्यावर भाभी नुसती घंटा देऊन गप्प बसेल? बिल गेलं खड्ड्यात म्हणाली असती. नाय आला फोन. आजारी असती तर भाईने सांगितलं असतं, दुआ कर म्हणून. कुणी कायच बोलेना, तेव्हा समजलो.”

मी विचारलं, मग तू लगेच फोन का नाही केलास?

“केला असता तर तुम्हाला सांगावं लागलं असतं.”

वाऱ्याने माती उडत होती. तो पुन्हा दगड पुसू लागला, आणि मला वाटलं, झालं, वाचलो. पण तो ज्यासाठी अर्धी पृथ्वी ओलांडून आला होता तो प्रश्न अजून व्हायचा होता.

“बानू, त्या दिवशी माझी घंटा आली नाय. तिने रोजा सोडला होता ना?”

पलीकडे अब्बांची दुआ थांबली. हात तसेच वर राहिले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, पण ते ऐकत आहेत हे त्यांच्या पाठीवरून कळत होतं. मी चौदा-पंधरा वर्षांची. मी आजवर पुष्कळ प्रयोग केले आहेत, मोठ्या सभागृहांतसुद्धा. पण माझा पहिला प्रयोग तो, दोन प्रेक्षकांपुढे, आणि मी तो काही न घोकता केला.

मी म्हटलं, सोडला ना. आधी तीनदा फोन लावला. त्या टेपवाल्या बाईला म्हणाली, अगो बाय, तिथंच हाय तो, कुठं जाणार हाय. मग तुला शिवी दिली.

“काय शिवी?”

“मेला फ्रीजमध्ये गोठला वाटतं.”

त्याच्या ओठाची एक कड हलली. मी पुढे गेले. मग ती जमिनीवर बसली, फ्रीजला टेकून, तिची पाठ दुखायची ना, तशी. आधी खजूर खाल्ला, मग आणखी एक. पाणी प्यायली, आणि पाणी थंड नाही म्हणून मला बोलली. मग मी ताट पुढे केलं. भजी होती.

“कसली?”

आचारी होता तो. त्याला हवेत तरंगणारी भजी चालणार नव्हती. मी म्हटलं, मेथीची, आणि कांद्याची थोडी. कांदा जाड चिरला गेला होता. ती स्वतःच म्हणाली, युसूफ असता तर नाक मुरडलं असतं. तो म्हणाला, मुरडलं असतं. मी म्हटलं, मग कैरीची चटणी मागितली, मी दिली. सरबत अर्धं प्यायली, गोड फार झालंय म्हणून ठेवून दिलं, साखरेमुळे. मग अर्धा समोसा खाल्ला आणि अर्धा मला दिला. मी बोलत होते आणि ताट माझ्यासमोर भरत होतं आणि रिकामं होत होतं. भज्याच्या कडेचं करपलेलं टोक तिने कसं मोडून बाजूला ठेवलं, हेसुद्धा मी सांगितलं. हाताने करून दाखवलं.

चाचाने सगळं ऐकलं. कुठेही खोडून काढलं नाही. शेवटी त्याने एक लांब श्वास सोडला आणि दगडाकडे बघून म्हणाला, “म्हणजे भरल्या पोटी गेली.”

“ढेकर दिला होता, चाचा.”

तो हसला. हसता हसता त्याने ती शाल तोंडावर ओढून घेतली आणि मग तो बराच वेळ तसाच, भर उन्हात लोकरीत तोंड खुपसून, बसून राहिला. त्याने विश्वास ठेवला की नाही, मला माहीत नाही. त्याने पुन्हा कधी विचारलं नाही.

परतताना टॅक्सीत तो पुढे बसला आणि दमून झोपला. मागे मी आणि अब्बा. डोंगर उतरून रुवीच्या पाट्या दिसू लागल्या, दुकानांचे दिवे लागत होते. अब्बा खिडकीबाहेर बघत होते. त्यांना सगळं माहीत होतं. बशी तिपाईवर तशीच होती, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी ते माझ्याकडे थोडे झुकले आणि चाचाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणाले, “बानू, त्या भज्यांतली माझ्यासाठी ठेवली होती का तिने?”

“ठेवली होती, अब्बा,” मी म्हटलं. “झाकून.”